क्ष-किरणांची कहाणी आणि आपण बायका

वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा आमच्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा तुमची पाककृती नको. काहीतरी माहितीचे लिहा." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाजणीचे प्रमाण विचाराल तर सांगेन, पण माहितीचा लेख मी कुठून लिहिणार?" तेव्हा त्या म्हणाल्या, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या जर्मन बाईच्या हाताची गोष्ट सांगितलीत ना, तीच लिहा." आता अध्यक्षबाईंचाही आग्रह पडला, म्हणून हा प्रयत्न केला आहे. वाचनालयातली दोन-तीन मराठी पुस्तके मी स्वतः वाचली. इंग्रजीतले होते ते आमच्या मुलाने वाचून अर्थ सांगितला. काही चुकले-माकले असल्यास भगिनींनी सांभाळून घ्यावे.

या विषयाकडे मी कशी वळले ते आधी सांगायला हवे. आमच्या थोरल्या जाऊबाईंना छातीत गाठ झाली होती. वर्षभर त्यांनी कोणालाही सांगितले नाही. एकाच घरात, एकाच ओट्याशी आम्ही दोघी उभ्या राहात होतो, पण मलाही कळू दिले नाही. कळले तेव्हा फार उशीर झाला होता. त्या गेल्या त्याला आता आठ वर्षे होतील. एवढे उदाहरण डोळ्यांसमोर असूनही, दोन वर्षांपूर्वी न्हाताना माझ्या हाताला तशीच गाठ लागली तेव्हा मीही तीन महिने गप्प बसले. आधी नणंदेच्या मुलीचे लग्न होते, मग मुलाची परीक्षा आली, अशी कारणे मनाला सांगत राहिले. खरे कारण भीती आणि लाज, दुसरे काही नाही. शेवटी एका रात्री ह्यांना सांगितले. हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर न जाता मला घेऊन दवाखान्यात गेले. तेथे डॉक्टरीणबाईंनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा क्ष-किरणांनी फोटो, काढायला सांगितले.

बाहेर बाकावर बसले होते. समोरच्या भिंतीवर एक जुने चित्र टांगले होते. नुसत्या हाडांचा हात आणि एका बोटात जाडजूड अंगठी. मला वाटले, अशा ठिकाणी हे कसले अभद्र चित्र लावले आहे! फोटो काढणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची होती. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "काकू, तो एका बाईंचा हात आहे. त्यांच्या हातापासूनच हे सगळे सुरू झाले." त्या मुलीने मला धीर यावा म्हणून फोटो काढता काढता ती गोष्ट सांगितली. माझ्या फोटोचे पुढे काय झाले ते शेवटी सांगते. आधी त्या बाईंची गोष्ट.

जर्मनीत व्युर्झबुर्ग नावाचे गाव आहे. तेथील विद्यापीठात विल्हेल्म रॉन्टगेन नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी संध्याकाळी ते प्रयोगशाळेत एकटेच काम करीत होते. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून वीज सोडली म्हणजे काय होते, हे ते पाहात होते. नळी त्यांनी काळ्या पुठ्ठ्याने नीट झाकली होती, खोलीत अंधार केला होता. तरीसुद्धा थोड्या अंतरावर ठेवलेला एक पडदा चमकू लागला. त्या पडद्याला बेरियमचे एक रसायन लावलेले होते. उजेड तर पुठ्ठ्यातून बाहेर येणे शक्य नव्हते. मग पडदा चमकला कशाने? मध्ये पुस्तक धरून पाहिले, लाकूड धरून पाहिले, तरी पडदा चमकतच राहिला. शिसे मध्ये धरले तेव्हा मात्र चमक अडली. आणि शिसे धरताना त्यांना पडद्यावर स्वतःच्याच बोटांची हाडे दिसली!

त्या किरणांचे स्वरूप ठाऊक नव्हते, म्हणून बीजगणितात अज्ञात संख्येला जे अक्षर देतात तेच त्यांनी दिले, एक्स. आपल्या शाळेत गणिताच्या बाई अज्ञात संख्येला 'क्ष' मानायला सांगत, म्हणून मराठीत ते क्ष-किरण झाले. सातवीपर्यंत शिकल्याचा मला तेवढा उपयोग झाला.

पुढचे जवळजवळ सात आठवडे प्राध्यापक प्रयोगशाळेतच जेवू-झोपू लागले. घरात त्यांच्या पत्नी होत्या, अ‍ॅना बेर्टा. नवऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, झुरिचमधल्या एका खानावळवाल्याची मुलगी. नवरा घरी आला तरी ताटावर लक्ष नाही, बोलणे नाही, अशा दिवसांत त्या बाईंच्या मनाची काय स्थिती झाली असेल ते आपणा बायकांना वेगळे सांगायला नको. अखेर २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीला प्रयोगशाळेत बोलावले आणि छायाचित्राच्या काचेवर हात ठेवायला सांगितले. पंधरा मिनिटे त्या हात न हलवता बसल्या. चित्र तयार झाले त्यात बोटांची हाडे आणि बोटातली अंगठी दिसत होती, मांस नुसते धुक्यासारखे. ते पाहून त्या घाबरल्या आणि आपण आपले मरणच पाहिले असे म्हणाल्या, अशी आख्यायिका आहे. १८९५ साली जिवंत माणसाची हाडे पाहायची कोणाला सवय होती? मला तर ते चित्र सव्वाशे वर्षांनंतरही अभद्रच वाटले होते.

हे चित्र उमटते कसे, तेही थोडक्यात सांगते. अंधारात विजेरीवर तळवा धरला तर बोटांच्या कडांतून लाल उजेड येतो, हे आपण लहानपणी केलेले आहे. क्ष-किरण त्याहून पुष्कळ जोरकस. ते मांसातून सहज जातात, पण हाडात कॅल्शियम असते, ते त्यांना बरेचसे अडवते. सोने तर फारच अडवते. जेथे किरण पोचतात तेथे फिल्म काळी पडते, जेथे अडतात तेथे ती पांढरी राहते. म्हणजे आपण ज्याला फोटो म्हणतो ती खरे पाहता सावली आहे.

महिन्याभरात ही बातमी जगभर झाली. १९०१ साली नोबेल पारितोषिके सुरू झाली, त्यांतले पदार्थविज्ञानाचे पहिले पारितोषिक रॉन्टगेन यांना मिळाले. त्याचे पैसे त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकले आणि शोधाचे पेटंटही घेतले नाही. मनात आणले असते तर हा माणूस कुबेर झाला असता. पण पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पैशाची किंमत पार घसरली, त्यांची पुंजी त्यात गेली. बेर्टाबाई १९१९ साली वारल्या, प्राध्यापक १९२३ साली.

येथवर गोष्ट सुखाची आहे. आता तिची दुसरी बाजू.

हे किरण शरीराला इजा करतात हे सुरुवातीला कोणाला ठाऊक नव्हते. लोकांनी त्यांचा खेळ मांडला. पुढे तर काही देशांत चपला-बुटांच्या दुकानांतही पाय दाखवायची क्ष-किरणांची यंत्रे आली होती. दिव्याच्या शोधामुळे ज्यांचे नाव आपण शाळेत शिकतो त्या एडिसनसाहेबांकडे क्लॅरन्स डॅली नावाचा मदतनीस होता. यंत्र नीट चालते की नाही हे पाहायला तो दररोज आपलाच हात मध्ये धरी. हाताला जखमा झाल्या, मग कर्करोग झाला, दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली तो वारला. एडिसन यांनी तेव्हा ते काम कायमचे सोडले.

अमेरिकेतच सॅन फ्रान्सिस्को शहरात एलिझाबेथ फ्लाइशमन नावाची बाई होती. घरच्या ओढगस्तीमुळे तिला शाळा अर्धवट सोडावी लागली आणि ती हिशेबनीस म्हणून कामाला लागली. क्ष-किरणांची बातमी कळताच १८९६ साली तिने ते तंत्र शिकून घेतले आणि स्वतःची प्रयोगशाळा काढली. अमेरिका-स्पेनच्या युद्धातून जखमी होऊन आलेल्या सैनिकांच्या अंगात गोळी नेमकी कोठे रुतली आहे हे ती इतके अचूक दाखवी की सैन्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी तिची वाहवा केली. रोग्याला भीती वाटू नये म्हणून ती आधी आपला हात यंत्रापुढे धरून दाखवी. त्याच हाताला कर्करोग झाला. हात काढला, पण उपयोग झाला नाही. १९०५ साली ती गेली. या जगात आपल्या हातून थोडे भले झाले असे वाटते, अशा अर्थाचे वाक्य तिच्या थडग्यावर कोरलेले आहे. शाळा सुटलेल्या बाईने केवढे काम केले, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले.

जर्मनीत हॅम्बुर्ग शहरातल्या एका रुग्णालयाच्या आवारात या किरणांपायी प्राण गेलेल्यांचे स्मारक आहे. १९३६ साली ते उभारले तेव्हा त्यावर पंधरा देशांतली १६९ नावे होती, पुढे ती साडेतीनशेच्या वर गेली. आज क्ष-किरणांच्या खोलीत शिशाचे जाड एप्रन असतात आणि फोटो घेणारी माणसे आडोशाला जाऊन उभी राहतात. तो नियम या लोकांच्या जिवावर आलेला आहे. "आम्हाला आत ठेवता आणि तुम्ही बाहेर का पळता?" असे मीच पूर्वी एकदा रागाने म्हटले होते. आता उत्तर कळले. आपला फोटो वर्षाकाठी एखादा, त्यांचे रोजचे काम.

रेडियमच्या मेरी क्यूरी आपल्याला ठाऊक आहेत. पण पहिल्या महायुद्धात त्यांनी केलेले काम मला तरी ठाऊक नव्हते. १९१४ साली युद्ध पेटले तेव्हा क्ष-किरणांची यंत्रे मोठ्या शहरांत आणि जखमी सैनिक लांब आघाडीवर, अशी स्थिती होती. मेरीबाईंनी धनवान बायकांकडून मोटारी मागून आणल्या, त्यांत यंत्रे बसवली आणि मोटारीच्या इंजिनावरच वीज तयार करायची सोय केली. स्वतः गाडी हाकायला शिकल्या. अशा वीस मोटारी आणि सुमारे दोनशे खोल्या त्यांनी उभ्या केल्या. सतरा वर्षांची मुलगी इरेन बरोबर होती. दीडशेच्या आसपास बायकांना त्यांनी हे काम शिकवले. दहा लाखांवर जखमींना त्याचा उपयोग झाला असा अंदाज आहे. दोन वेळा नोबेल मिळवलेली ही विधवा बाई बिघडलेल्या मोटारीचे चाकही स्वतः बदली. पण किरणांनी त्यांनाही सोडले नाही. १९३४ साली रक्ताच्या विकाराने त्या वारल्या, आणि १९५६ साली इरेनही रक्ताच्या कर्करोगाने.

यापुढची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. इंग्लंडात ऑक्सफर्डला अ‍ॅलिस स्टुअर्ट नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. लहान मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढत चालले होते आणि कारण सापडत नव्हते. या बाईंनी विचार केला की, डॉक्टरांच्या कागदांत जे सापडत नाही ते कदाचित आईला आठवत असेल. हजार पौंडांच्या तुटपुंज्या मदतीवर त्यांनी देशभर प्रश्नांचे कागद पाठवले. मूल गमावलेल्या आयांना आणि ज्यांची मुले धडधाकट होती अशा आयांनाही तेच प्रश्न विचारले. उत्तरे आली तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली. मूल गमावलेल्या आयांमध्ये, गरोदरपणी पोटाचा क्ष-किरण फोटो काढलेल्यांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. १९५६ साली त्यांनी हे पहिल्यांदा छापले, १९५८ साली सविस्तर मांडले. त्या काळी तिकडे गरोदर बाईचा असा फोटो काढणे ही अगदी नेहमीची गोष्ट होती. मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. ते सर्वमान्य व्हायला वीसेक वर्षे गेली. आज क्ष-किरणांच्या खोलीबाहेर "गरोदर असल्यास आधी सांगा" अशी पाटी असते. ती पाटी वाचताना मला त्या आया आठवतात. मेलेल्या लेकरांविषयी कोणा परक्या बाईने विचारले आणि त्यांनी आठवून आठवून सांगितले, म्हणून पुढची मुले वाचली.

मग गरोदर बाईच्या पोटात पाहायचे कसे? ते काम आवाजाने केले. स्कॉटलंडमधले ग्लासगो हे जहाजे बांधणारे शहर. तेथील कारखान्यांत लोखंडात भेग आहे का हे पाहायला, कानाला ऐकू न येणारा सूक्ष्म आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी मोजत. इयान डोनाल्ड नावाच्या प्रसूतीच्या डॉक्टरांनी १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून अशा कारखान्यात नेल्या आणि शेजारी तुलनेला मांसाचा एक तुकडा ठेवून पाहिले. प्रतिध्वनी वेगवेगळे आले. पुढे एका बाईच्या पोटात असाध्य कर्करोग आहे असे सगळे धरून चालले होते, तेव्हा या यंत्राने ती अंडाशयावरची पाण्याची गाठ असल्याचे दाखवले. गाठ काढली आणि बाई वाचली. १९५८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. हीच आपली सोनोग्राफी.

आणि येथे, भगिनींनो, आपल्याला मान खाली घालावी लागते. बाईचा जीव वाचवायला आलेले हे यंत्र आपल्याकडे पोटातली मुलगी हुडकून मारायला वापरले गेले. त्याविरुद्ध कायदा करणारे पहिले राज्य आपलाच महाराष्ट्र, १९८८ साली. १९९४ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. तरीही २००१ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. कायदा असूनही आकडा खाली गेला. आता यंत्राला नावे ठेवून काय उपयोग? सुनेला "एकदा बघून तर घ्या" म्हणणारी माणसे आपल्याच घरांतली असतात, आणि त्यांत बायकाही असतात, हे आपण मंडळात तरी मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

डोक्याच्या आतले पाहणे क्ष-किरणांना कठीण जाई, कारण भोवती कवटीचे हाड. पूर्वी त्यासाठी पाठीच्या कण्यातून हवा भरत, रोग्याचे फार हाल होत. गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने युक्ती काढली की, सगळ्या बाजूंनी फिरून किरण सोडायचे आणि संगणकाने त्यांचा हिशेब करून आतले चित्र मांडायचे. कोबीचा गड्डा न कापता त्याच्या चकत्या पाहाव्या तसे हे आहे. प्रयोगासाठी ते खाटकाकडून गुरांचे मेंदू आणीत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ एका बाईच्या मेंदूचे पहिले चित्र घेतले, त्यात गाठ स्वच्छ दिसली. याला सीटी स्कॅन म्हणतात. हाउन्सफील्ड यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, तरी १९७९ साली त्यांना नोबेल मिळाले. नंतर एमआरआय आले. त्यात क्ष-किरण मुळीच नसतात, मोठ्या लोहचुंबकाचे काम असते. म्हणून आत जाताना मंगळसूत्र-बांगड्या काढून ठेवायला सांगतात.

आता मॅमोग्राफीकडे येते. बर्लिनचे अल्बर्ट सालोमन या डॉक्टरांनी १९१३ साली, शस्त्रक्रियेत काढलेल्या तीन हजार स्तनांचे क्ष-किरणांनी फोटो घेऊन कर्करोग कसा दिसतो याचा अभ्यास केला. पण धडधाकट बायकांची आधीच तपासणी केली तर जीव वाचतात काय, हे कोणी पाहिले नव्हते. न्यूयॉर्कला फिलिप स्ट्रॅक्स नावाचे डॉक्टर होते. त्यांची पत्नी एकोणचाळीसाव्या वर्षी याच रोगाने गेली होती. तिचे नावही बेर्टाच. १९६३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे ६२,००० बायकांचे दोन गट केले. एका गटाला दरसाल हाताने तपासणी आणि फोटोसाठी बोलावले, दुसरा गट नेहमीसारखा राहू दिला. दहा वर्षांनी पाहिले तर पहिल्या गटात या रोगाने गेलेल्या बायका सुमारे तीस टक्क्यांनी कमी होत्या. बायकोच्या मरणाचे दुःख माणसाने असे कामाला लावले.

आपण म्हणू, ही सारी साहेबाच्या देशांतली कौतुके. आमच्या वस्तीत यंत्र कोठे आहे? तर मुंबईची गोष्ट ऐका. परळचे टाटा रुग्णालय आपल्याला ठाऊक आहे. तेथील डॉक्टरांनी १९९८ साली मुंबईच्या झोपडवस्त्यांत काम सुरू केले. दीड लाखांवर बायका, वय पस्तीस ते चौसष्ट. यंत्र नाही, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी करीत. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्के घटले होते. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले आहे. साध्या हाताने एवढे होते, हे वाचून मला फार धीर आला. तरुण वयात स्तनाचा भाग दाट असल्याने मॅमोग्राफीत गाठ लपून जाते, म्हणून तेव्हा बहुधा सोनोग्राफी करतात. कोणाला काय लागेल ते डॉक्टर सांगतील, आपण सांगायचे ते इतकेच, की "मला गाठ लागते आहे."

आता माझे काय झाले ते. फोटोत गाठ दिसली. सुईने तपासणी करावी लागली. निकाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत भाजीत मीठ दोनदा घातले आणि घरात कोणी एक अक्षर बोलले नाही. निकाल आला, गाठ साधी होती. घरी येऊन देवापुढे दिवा लावला आणि मग जाऊबाईंच्या फोटोपुढे जाऊन पुष्कळ रडले. त्यांची गाठही पहिल्या महिन्यात कोणी पाहिली असती तर? याला उत्तर नाही. पण त्यांनी मला का सांगितले नाही, हे मी आता विचारीत नाही. मी तीन महिने गप्प बसले तेव्हा ते मला कळले.

म्हणून आपल्या मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. दरवर्षी आपण सहल काढतो, रांगोळीची स्पर्धा घेतो, ते चालूच राहावे. पण वर्षातून एक दिवस एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलावून सर्व सभासद भगिनींची तपासणी करावी आणि शेजारच्या, सभासद नसलेल्या बायकांनाही त्यात घ्यावे. चहा-पोह्यांचे माझ्याकडे लागले. पहिला नंबरही माझाच धरावा. म्हणजे ज्यांना संकोच वाटतो त्यांना "ती गेली ना आत, मग मीही जाते" असे म्हणता येईल.

लेख लांबला. मंडळाला वर्धापनदिनाच्या शुभेच्छा देऊन येथेच थांबते.